वाचकांचे प्रश्न : न्यायाधीश ज्युरीला काय सांगतात, आणि ज्युरी नसेल तर कोणाला?

फौजदारी खटल्यात ‘सिद्ध झालं’ म्हणजे नेमकं किती सिद्ध झालं, याबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बरीच पत्रं परदेशातून आली, कारण ज्युरीत, म्हणजे खटल्याचा कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात, बसायची पाळी आता तिकडच्या मराठी घरांतही येऊ लागली आहे. इथल्या वाचकांना मात्र नानावटी खटल्याने (नौदल अधिकारी नानावटींनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्याचा खटला) अजून सोडलेलं दिसत नाही. निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत.

मी नुकताच अमेरिकेचा नागरिक झालो आणि लगेच न्यू ब्रन्सविकच्या कोर्टाचं ज्युरी समन्स घरी आलं. मी इंजिनीअर, कायद्याचा गंध नाही. एखाद्याला दोषी ठरवायला लागणारा कायदा मला कोण शिकवणार? थोडं वाचून जावं का? — वाचक, एडिसन, न्यू जर्सी

वाचून जाऊ नका. गेलात तर वाचलेलं बाजूला ठेवावं लागेल, आणि ते न वाचण्यापेक्षा अवघड असतं. ज्युरीला लागणारा कायदा न्यायाधीशच सांगतात, तोही तुम्हाला कायद्याचं काही येत नाही असं धरून. तुमच्याकडे काम एकच : काय घडलं ते ठरवायचं आणि सांगितलेला कायदा त्याला लावायचा. तो कायदा पटला नाही तरी तोच लावायचा.

आधी समन्स नीट पाहा. ‘ग्रँड ज्युरी’ असं लिहिलं असेल तर काम वेगळं. तिथे २३ पर्यंत लोक बसतात, फक्त सरकारी बाजू ऐकतात आणि खटला चालवण्याइतका आधार आहे का एवढंच ठरवतात. १२ मतं पुरतात. ‘पेटिट ज्युरी’ असेल तर प्रत्यक्ष खटला. तो फौजदारी असेल असं गृहीत धरून पुढचं लिहितो आहोत.

सूचना साधारण तीन वेळा मिळतात. निवडीच्या वेळी प्रश्नोत्तरांच्या ओघात, साक्षी सुरू होण्याआधी थोडक्यात, आणि दोन्ही वकिलांची भाषणं झाल्यावर सविस्तर. या शेवटच्या सूचनांना तिथे ‘चार्ज’ म्हणतात. न्यायाधीश तो वाचून दाखवतात. वाचन तासभर सहज चालतं आणि कंटाळवाणं असतं, कारण राज्याने तयार करून दिलेल्या नमुना मसुद्यातली वाक्यं शब्दशः घेतलेली असतात. न्यायाधीशाने ती स्वतःच्या शब्दांत सोपी करायला जाणं म्हणजे अपिलाला आमंत्रण, त्यामुळे सहसा कोणी जात नाही. लेखी प्रत खोलीत मिळते. मिळाली नाही तर मागा.

चार्जचा गाभा म्हणजे गुन्ह्याचे घटक. न्यू जर्सीतल्या घरफोडीचंच उदाहरण घ्या. रात्री पावसात एक माणूस दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये सापडला. सरकार पक्षाला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : तो आत शिरला, आपल्याला परवानगी नाही हे त्याला माहीत होतं, आणि आत काही गुन्हा करण्याचा त्याचा उद्देश होता. पहिल्या दोन गोष्टींत वाद नाही. तिसऱ्यावर तो म्हणतो, पावसापासून आडोसा घेतला. त्याच्या खिशात घरमालकाची हत्यारं सापडली असतील तर एक गोष्ट. हात रिकामे आणि अंग चिंब असेल तर दुसरी. तिसऱ्या घटकाबद्दल वाजवी शंका उरली तर घरफोडी सिद्ध झाली नाही, मग पहिले दोन घटक कितीही पक्के असोत. अशा वेळी न्यायाधीशांनी अनधिकृत प्रवेशाचा हलका गुन्हाही तुमच्यापुढे ठेवलेला असू शकतो. त्याकडे मोठ्या आरोपाचा निकाल लावल्यावरच वळायचं. ‘मोठ्यावर एकमत होईना, चला मधला मार्ग काढू’ अशी तडजोड सूचनांत बसत नाही, आणि ज्युरीच्या खोलीत नेमका तोच मोह होतो.

शंकेबद्दल न्यू जर्सीचा मसुदा जे सांगतो त्याचा आशय असा. सगळ्या पुराव्याचा निःपक्षपणे विचार केल्यावर आरोपीच्या दोषाबद्दल मनात जी प्रामाणिक आणि सकारण अनिश्चितता उरते ती वाजवी शंका. ती पुराव्यातून येऊ शकते, तशीच पुरावा नसण्यातूनही. तुम्ही दोषाबद्दल ठामपणे खात्रीशीर झालात तर आरोप सिद्ध. पूर्ण निःसंदेहता कोणी मागत नाही, कारण या जगात फार थोड्या गोष्टी तशा माहीत असतात. यातलं ‘पुरावा नसण्यातूनही’ हे अधोरेखित करून ठेवा. दुकानात कॅमेरा होता आणि चित्रण आणलं नाही, तर ते का आणलं नाही हा प्रश्न मनात येणं गैर नाही. मात्र चित्रणात काय असेल याची कल्पना लढवत बसू नका.

नवख्या माणसाची सर्वात मोठी चूक म्हणजे तो चुकीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागतो. ‘दोघांपैकी खरं कोण बोलतंय?’ असं स्वतःला विचारतो, आणि ज्याची गोष्ट जास्त पटते त्याच्या बाजूने कौल देतो. दिवाणी दाव्यात हे बरंचसं चालेल. इथे प्रश्न एवढाच की सरकार पक्षाने आपलं म्हणणं सिद्ध केलं का. आरोपीची गोष्ट तुम्हाला अजिबात पटली नाही, तरी फिर्यादीच्या गोष्टीत भोक असेल तर कौल ‘नॉट गिल्टी’ असाच द्यावा लागतो.

आरोपी साक्षीला उभा राहिला नाही तर त्याचाही अर्थ काढायचा नाही. बचाव पक्षाने मागितल्यास न्यायाधीशांना हे ज्युरीला सांगावंच लागतं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये कार्टर विरुद्ध केंटकी या खटल्यात ठरवलं. काही बचाव वकील ही सूचना मुद्दाम मागत नाहीत; सांगितल्यानेच ज्युरीचं लक्ष तिकडे जाईल अशी त्यांना धास्ती वाटते. ती अगदीच निराधार नाही. वकिलांची भाषणं, नुसता विचारलेला प्रश्न, न्यायाधीशांनी काढून टाकायला सांगितलेली साक्ष आणि खुद्द आरोपपत्र, यातलं काहीच पुरावा नसतं. शिक्षा किती होईल याचाही विचार करायचा नाही.

खोलीत गेल्यावरचे नियम : बाराही जण हजर असतील तेव्हाच चर्चा. कोणी स्वच्छतागृहात गेलं तर थांबायचं. न्यू जर्सीत बसताना बारापेक्षा जास्त लोक बसवलेले असतात आणि शेवटी चिठ्ठ्या टाकून जादाचे बाजूला काढतात; म्हणून ‘मी बहुधा राखीव’ असं समजून डुलक्या काढू नका. साक्ष आठवत नसेल तर ती पुन्हा ऐकवण्याची मागणी करता येते. सूचना कळली नाही तर चिठ्ठी लिहून बाहेर पाठवायची. न्यायाधीश ती दोन्ही वकिलांना दाखवतात आणि उघड कोर्टात उत्तर देतात. बऱ्याचदा उत्तर म्हणून तीच सूचना पुन्हा वाचली जाते, म्हणून ‘कळलं नाही’ असं मोघम लिहिण्याऐवजी कोणत्या घटकातला कोणता शब्द अडतो ते लिहा. चिठ्ठीत मतांची विभागणी मात्र लिहायची नाही.

कौल एकमताचाच लागतो. लुइझियाना आणि ओरेगनमध्ये दहा-दोनने शिक्षा होत असे. २०२० च्या रामोस विरुद्ध लुइझियाना निकालाने गंभीर गुन्ह्यांत तेही बंद झालं. एकमत होत नसेल तर न्यायाधीश एकदा पुन्हा प्रयत्न करायला सांगतील. १८९६ च्या ॲलन खटल्यातली जुनी सूचना अल्पमतातल्यांना ‘तुमचं मत पुन्हा तपासा’ असं सुनावत असे. न्यू जर्सीने १९८० मध्ये तो ढंग सोडला. आता सर्वांनाच सांगतात की एकमेकांचं ऐका, चूक पटली तर मत बदला, पण नुसता निकाल लागावा म्हणून प्रामाणिक मत सोडू नका. त्यातूनही जमलं नाही तर ज्युरी ‘हंग’ होते आणि खटला पुन्हा चालू शकतो.

आणि फोन. संध्याकाळी घरी जाऊन घटनास्थळ नकाशात पाहणं, ‘इथे दिवा होता का’ म्हणून गाडीने चक्कर मारणं, ‘रीझनेबल डाउट’चा अर्थ सर्च करणं, यातल्या कशानेही अख्खा खटला रद्द होऊ शकतो. कारण साधं आहे : तुम्ही पाहिलेल्या दिव्याची उलटतपासणी कोणत्याच वकिलाला घेता येत नाही. तो दिवा घटनेनंतर महिन्याने बसवला असेल तर ते तुम्हाला सांगणार कोण?

मुलगा टेक्सासमध्ये ग्रीन कार्डवर आहे. त्यालाही ज्युरीचं पत्र आलं. ‘जाऊन बसतो, अनुभव मिळेल’ म्हणतो. — वाचक, नाशिक

बसू देऊ नका. अमेरिकेत ज्युरीसाठी नागरिकत्व लागतं. पत्रं ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीवरून निघतात, म्हणून बिगर नागरिकांनाही येतात. पत्रासोबतच्या फॉर्मवर ‘नागरिक नाही’ हे खरं उत्तर देऊन, सही करून मुदतीत परत पाठवायचं आणि त्याची प्रत जपून ठेवायची. पत्र कचऱ्यात टाकणं चूक, आणि ‘नागरिक आहे’ अशी खूण करणं फार मोठी चूक. नागरिकत्वाचा खोटा दावा इमिग्रेशनच्या कायद्यात जन्माची अडचण करून ठेवतो.

इंग्लंडमध्ये उलटं आहे. तिथे नाव मतदारयादीतून निघतं, आणि राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवाल्याचंही नाव त्या यादीत असू शकतं. वय १८ ते ७५ आणि तेराव्या वर्षानंतर सलग पाच वर्षं ब्रिटनमध्ये वास्तव्य असेल, तर भारतीय नागरिकालाही ज्युरीत बसावं लागतं. लंडनमधल्या भाचीने अमेरिकेतल्या भावाचा सल्ला ऐकून पत्र दुर्लक्षित केलं तर दंड होईल.

‘वाजवी शंकेपलीकडे’ म्हणजे किती टक्के? ९०? ९९? कोणीच आकडा का सांगत नाही? — विधी शाखेचा विद्यार्थी, कोल्हापूर

आकडा सांगितला की तो निकाल अपिलात अडकतो, हे व्यावहारिक कारण. तात्त्विक कारण उदाहरणाने पाहा. जत्रेतल्या तंबूत १०० जण बसले, तिकिटं विकली गेली फक्त ५. बाहेर पडणाऱ्या कोणाही एकाला धरलं तर तो फुकट्या असण्याची शक्यता ९५ टक्के. तरी केवळ तेवढ्यावर त्याला दोषी धरता येईल का? नाही, कारण त्या माणसाविरुद्ध म्हणून एकही पुरावा नाही, तंबूविरुद्ध आहे. शंका व्यक्तीबद्दलच्या पुराव्याने फिटावी लागते.

शब्दांत मांडतानाही न्यायालयं अडखळली आहेत. हे मोजमाप अमेरिकेच्या राज्यघटनेचाच भाग आहे हे ठरलं १९७० च्या विनशिप खटल्यात. बारा वर्षांच्या मुलावर लॉकरमधल्या पर्समधून ११२ डॉलर चोरल्याचा आरोप होता आणि बालन्यायालयाने ‘शक्यता जास्त’ एवढ्यावर त्याला दोषी धरलं होतं. पुढे १९९० मध्ये केज विरुद्ध लुइझियाना खटल्यातली सूचना फेटाळली गेली, कारण तिथे शंका ‘गंभीर’ आणि ‘भरीव’ असायला हवी असं ज्युरीला सांगितलं होतं. शंकेची उंची अशी वाढवली की पुराव्याची उंची आपोआप खाली येते. त्यानंतर १९९३ च्या सलिव्हन खटल्यात ठरलं की या एका सूचनेत अशी चूक झाली तर ‘बाकी पुरावा भरपूर होता’ म्हणून शिक्षा वाचवता येत नाही. एखादा घटक सांगायचा राहून गेला तर तशी ती वाचू शकते. हा फरक परीक्षेत विचारतात, आणि विचारावा असाच आहे. इंग्लंडने वेगळीच वाट धरली : न्यायाधीश ज्युरीला सांगतात, तुमची खात्री झाली असेल तरच दोषी ठरवा, बस. आमच्या मते हेच सर्वात शहाणपणाचं.

आपल्याकडे व्याख्या ‘शाबीत’ची आहे, शंकेची नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या २(१)(ञ) मध्ये (जुन्या पुरावा कायद्याचं कलम ३) म्हटलं आहे की न्यायालयाला ती गोष्ट आहे असं वाटलं, किंवा समंजस माणूस ती आहे असं धरूनच वागेल इतकी तिची शक्यता वाटली, तर ती शाबीत. ही व्याख्या दिवाणीला आणि फौजदारीला एकच आहे. फौजदारीतली कडक पट्टी न्यायनिर्णयांनी आणली. म्हणून केवळ कायद्याचं पुस्तक उघडून ‘वाजवी शंका’ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला त्या कलमात ती सापडत नाही.

नानावटींना ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष सोडलं होतं. मग जन्मठेप कशी झाली? लोकांचा कौल न्यायाधीश उलटवू शकत होते तर ज्युरी कशाला? — वाचक, दादर

कारण भारतातल्या ज्युरीचा कौल कधी अमेरिकेइतका अंतिम नव्हताच. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३०७ होतं. कौल पटला नाही आणि न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटलं, तर सत्र न्यायाधीश अख्खं प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवू शकत. गोळीबार २७ एप्रिल १९५९ चा. ज्युरीने खून आणि सदोष मनुष्यवध दोन्ही आरोपांतून सोडलं. सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता यांना वाटलं की कोणतीही समंजस माणसं या पुराव्यावर असा कौल देणार नाहीत, आणि त्यांनी प्रकरण पाठवून दिलं.

गंमत अशी की उच्च न्यायालयात सरकार पक्षाने बोट ठेवलं ते याच न्यायाधीशांनी ज्युरीला केलेल्या मार्गदर्शनावर. बचाव होता अपघाताचा : झटापटीत गोळ्या सुटल्या. दंड संहितेच्या कलम ८० चा आधार घ्यायचा तर कृत्य कायदेशीर असावं लागतं, ते कायदेशीर मार्गाने आणि योग्य काळजी घेऊन केलेलं असावं लागतं, आणि त्यामागे गुन्ह्याचा हेतू वा जाणीव नसावी लागते. शिवाय पुरावा कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे असा अपवाद दाखवण्याचा भार आरोपीवर. हे घटक आणि हा भार ज्युरीला समजावून सांगितलेच गेले नव्हते. मार्गदर्शनच चुकलं म्हटल्यावर कौलाचा आधार गेला आणि उच्च न्यायालयाने सगळा पुरावा स्वतः तपासला. सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी जन्मठेप कायम केली.

या निकालातला एक बारकावा नेहमी सुटतो. अपवादाचा भार आरोपीवर असला तरी हेतू सिद्ध करण्याचा मूळ भार सरकार पक्षावरून हलत नाही. आरोपीने अपघाताबद्दल दिलेला पुरावा अपवाद सिद्ध करायला कमी पडला, पण त्यातून हेतूबद्दलच वाजवी शंका उभी राहिली, तर तो सुटतो. आणि अपवाद दाखवायचा असला तरी आरोपीला ‘शक्यता जास्त’ एवढंच दाखवावं लागतं. हे १९६४ च्या दह्याभाई ठक्कर प्रकरणात स्पष्ट झालं. आज कलम १०५ च्या जागी नव्या अधिनियमाचं १०८ आहे.

‘गंभीर व अचानक चिथावणी’चा मुद्दा तर घड्याळावर पडला. दीडच्या सुमारास घर सोडलं, कुटुंबाला सिनेमाला पोचवलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, मग गोळीबार चार वीसला. मधल्या वेळात माणूस सावरायला पुरेसा अवधी होता, असं न्यायालय म्हणालं. चिथावणी शब्दांनीही होऊ शकते आणि ती आरोपीच्या सामाजिक थरातल्या समंजस माणसाच्या मापाने मोजायची, हेही याच निकालात आहे.

आणि ‘नानावटीमुळे ज्युरी गेली’ हे अर्धंच खरं. विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालातच ती बंद करण्याची शिफारस केली होती, म्हणजे गोळीबाराच्या आधी. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही.

लोकमान्यांच्या खटल्यातही ज्युरी होती ना? मग आपली माणसं असून शिक्षा कशी? — वाचक, रत्नागिरी

होती, पण ‘आपली माणसं’ बहुमतात नव्हती. १८९७ मध्ये नऊ जणांत सहा युरोपियन आणि तीन भारतीय. कौल सहा विरुद्ध तीन. १९०८ मध्ये सात युरोपियन आणि दोन पारशी. कौल सात विरुद्ध दोन. एकमत लागत नसे. सहा जण एका बाजूला आणि न्यायाधीश सहमत, की झालं.

१८९७ ची खरी लढाई मात्र न्या. स्ट्रेची यांच्या ज्युरीला केलेल्या निवेदनावर झाली. राजद्रोहाच्या कलम १२४-अ मधल्या ‘डिसअफेक्शन’चा अर्थ त्यांनी ‘सरकारविषयी प्रेमाचा अभाव’ असा सांगितला आणि त्यात द्वेष, शत्रुत्वापासून प्रत्येक प्रकारची वाईट भावना घातली. अशी व्याख्या हातात दिल्यावर ‘केसरी’तले कोणते लेख त्यातून सुटणार होते? लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे (तेव्हाचं सर्वात वरचं अपील न्यायालय) अपिलाची परवानगी मागताना याच निवेदनावर हल्ला चढवला गेला, पण परवानगी नाकारली गेली. आज असं काही झालं तर त्याला ज्युरीची दिशाभूल म्हणतील. १९०८ च्या निकालानंतर टिळकांनी जे प्रसिद्ध वाक्य उच्चारलं, ज्युरीचा कौल काहीही असो, मी निर्दोष आहे, त्यातली ज्युरी ही.

आता ज्युरी नाही. मग आपल्या न्यायाधीशाला या सूचना कोण देतं? त्याने बरोबर मोजलं की नाही हे आम्हाला कसं कळणार? — वाचक, पुणे

निकालपत्रातून. ज्युरी कारणं देत नाही, म्हणून तिला काय सांगितलं तेवढंच तपासता येतं. आपल्या न्यायाधीशाला नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ३९३ प्रमाणे विचारार्थ मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि त्याची कारणं लिहावी लागतात. निकालपत्र हाती आलं की शेवटचं पान आधी उघडू नका. मुद्द्यांचा तक्ता पाहा आणि प्रत्येक घटकासाठी कोणत्या साक्षीदाराचं नाव घेतलं आहे ते शोधा. एखाद्या घटकापुढे नावच नसेल तर अपिलाचा मुद्दा तिथे आहे.

परिस्थितिजन्य पुराव्यासाठी पट्टी तुमच्याच शहरातल्या प्रकरणातून आली : शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. खालच्या दोन्ही न्यायालयांनी दिलेली फाशी रद्द करून सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं आणि पाच कसोट्या सांगितल्या. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध हवी, ‘असू शकेल’ चालणार नाही. त्या सगळ्या फक्त आरोपीच्या दोषाशीच जुळाव्यात. त्या निर्णायक स्वरूपाच्या असाव्यात. दुसरी कोणतीही शक्यता उरू नये. आणि साखळी इतकी पूर्ण असावी की निर्दोषत्वाला वाजवी जागा राहू नये. आरोपीचा बचाव खोटा निघाला तरी त्याने तुटलेली कडी सांधता येत नाही, हेही तिथेच सांगितलं आहे.

प्रत्यक्षात कड्या तुटतात त्या साध्या जागी. ‘शेवटचं सोबत पाहिलं’ असं सांगणारा साक्षीदार आणि मृत्यूची वेळ यांत दोन दिवसांचं अंतर. जप्तीचा पंच त्याच पोलीस ठाण्याच्या डझनभर पंचनाम्यांवर सही करणारा. मुद्देमालावर लाखेचा शिक्का कधी मारला याची नोंद नाही, मालखान्याच्या रजिस्टरात एक तारीख आणि प्रयोगशाळेच्या पोचपावतीवर भलतीच. मधले दिवस तो चाकू कुठे होता, सांगता येत नाही. रक्तगट जुळूनही उपयोग शून्य.

आणखी एक जागा : संहितेच्या कलम ३५१ खालचा आरोपीचा जबाब (पूर्वीचं ३१३). त्याच्याविरुद्ध जाणारी प्रत्येक परिस्थिती न्यायाधीशाने त्याला वेगळी विचारायला हवी. विचारली नाही तर ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. सारडा प्रकरणात हेही घडलं. तरी अजूनही चार साक्षींचा मजकूर एका लांबलचक प्रश्नात कोंबून ‘यावर काय म्हणायचं आहे?’ विचारलं जातं आणि उत्तर येतं, ‘खोटं आहे’. बचावाच्या वकिलाने तिथेच हरकत नोंदवलेली बरी. आरोपीने शपथेवर साक्ष दिली नाही तर त्यावर कोर्टाने किंवा कोणत्याही पक्षाने टीका करायची नाही, हा नियम आपल्याकडेही कलम ३५३ मध्ये लेखी आहे.

भावाला ‘संशयाचा फायदा देऊन’ सोडलं. लोक म्हणतात म्हणजे पूर्ण निर्दोष नाही. नोकरीच्या फॉर्ममध्ये काय लिहायचं? — वाचक, लातूर

शिक्षेच्या दृष्टीने सुटका ती सुटका. अर्धी निर्दोष मुक्तता असा प्रकार नाही. सरकारी नोकरीत मात्र या शब्दांचा त्रास होतो. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की गंभीर आरोपातून तांत्रिक कारणाने किंवा संशयाचा फायदा मिळून सुटका झाली असेल, तर नियोक्ता पार्श्वभूमी तपासून निर्णय घेऊ शकतो. फॉर्ममध्ये विचारलं असेल तर गुन्हा क्रमांक, कलम, निकालाची तारीख सगळं खरं लिहा आणि निकालपत्राची प्रमाणित प्रत जोडा. लपवलेलं उघड झालं तर नोकरी त्या लपवण्यामुळे जाते, मूळ गुन्हा राहतो बाजूला. आणि निकालपत्र पूर्ण वाचा. पुष्कळ न्यायाधीश ‘पुरावाच नाही’ असं वीस पानं लिहून शेवटच्या ओळीत सवयीने ‘संशयाचा फायदा’ लिहून जातात. तसं असेल तर अर्जात त्या वीस पानांचे परिच्छेद क्रमांक द्या.

भारतात आज कुठेच ज्युरी नाही का? — वाचक, डहाणू

फौजदारीत कुठेच नाही. पारशी विवाह व घटस्फोट कायदा, १९३६ खाली मात्र न्यायाधीशांसोबत पारशी समाजातले प्रतिनिधी बसतात. पूर्वी सात असत, १९८८ च्या दुरुस्तीनंतर पाच. त्यांची नेमणूक राज्य सरकार करतं. घटना काय घडल्या ते हे पाच जण बहुमताने ठरवतात, कायद्याचा आणि कार्यपद्धतीचा प्रश्न न्यायाधीशांकडे. मुंबईतलं मुख्य पारशी वैवाहिक न्यायालय उच्च न्यायालयातच भरतं.